सहा वर्षांचा मुलगा आणि एकवीस वर्षांचा मित्र



थोरांची चरित्रे सांगताना आपण त्यांच्या आईवडिलांचा व गुरुजनांचा उल्लेख करतो. मित्राचा मात्र राहून जातो. आज अशाच एका मित्राविषयी दोन शब्द सांगतो.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९३१ रोजी रामेश्वरम येथे झाला. ते सहा वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांनी अहमद जलालुद्दीन यांच्या मदतीने लाकडी होडी बांधायला घेतली. जलालुद्दीन कलामांहून सुमारे पंधरा वर्षांनी मोठे होते. तरी दोघांची गट्टी जमली. जलालुद्दीन त्यांना 'आझाद' म्हणत. रोज संध्याकाळी दोघे दूरवर फिरायला जात. बोलणे चाले ते परमेश्वराविषयी, नव्या शोधांविषयी, पुस्तकांविषयी.

घरच्या ओढग्रस्तीमुळे जलालुद्दीन यांना फारसे शिकता आले नव्हते. तरीही त्या काळी साऱ्या बेटावर इंग्रजी लिहिता येणारे तेच एकटे होते, आणि ज्याला गरज पडेल त्याची पत्रे ते लिहून देत. आपल्याला शिकता आले नाही याची कटुता त्यांच्यात नव्हती. लहानग्याचे यश ते आपलेच मानत. पुढे त्यांचा निकाह कलामांच्या भगिनी जोहरा यांच्याशी झाला. मद्रासच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेशासाठी सुमारे हजार रुपये हवे होते, तेव्हा जोहरांनी सोन्याच्या बांगड्या व साखळी गहाण ठेवली. हे सारे कलामांनी 'अग्निपंख' या आत्मचरित्रात कृतज्ञतेने नोंदवले आहे.

पालकहो, आपले पुस्तकवेडे मूल वयाने मोठ्या मुलाच्या मागे फिरू लागले की आपल्याला काळजी वाटते. ती रास्तच आहे. तो मुलगा कोण, त्याची संगत कशी, याची चौकशी जरूर करा. त्याला घरी बोलवा, जेवू घाला. पण त्याची शाळा सुटली एवढ्यावरून त्याला वाया गेलेला ठरवू नका. मुलाच्या मनातले प्रश्न ऐकायला आपल्याला सवड नसते. त्याला कदाचित असेल.

आणि तरुणांनो, ज्यांना परिस्थितीमुळे शिक्षण सोडावे लागले, त्यांना एवढेच सांगणे आहे. इल्मची वाट तुमच्यासाठी बंद झाली असे समजू नका. मोहल्ल्यातले एक मूल निवडा. त्याचे ऐका, त्याला वाचनालयात न्या, त्याच्या निकालाच्या दिवशी त्याच्याबरोबर जा. त्याला पैसा लागत नाही, पदवीही लागत नाही. फक्त मन मोठे लागते.