रात्री तुम्ही किती जणी होतात?

(महिला गटांच्या आरोग्य शिबिरात एका निवृत्त परिचारिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)

मला भाषण करायची सवय नाही. छत्तीस वर्षं मी सरकारी रुग्णालयांत नोकरी केली, त्यातली बावीस प्रसूती विभागात. तिथे बोलायचं कमी आणि ओरडायचं जास्त, अशीच सवय लागते. संयोजकांनी विषय दिलाय ‘सरकारी रुग्णालयं का कोलमडतात’. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं तिथूनच सुरुवात करते. आणि पहिल्यांदा माझा स्वतःचा गुन्हा सांगते.

२००९ सालच्या पावसाळ्यातली रात्र. मराठवाड्यातलं एक रुग्णालय. नाव सांगत नाही, कारण कुठलंही नाव घातलं तरी गोष्ट बदलणार नाही. लेबर रूममध्ये टेबलं चार आणि कळा देणाऱ्या बायका सात. तिघी खाली सतरंजीवर. बाळंतिणींच्या वॉर्डात खाटा तीस, बायका पन्नासच्या वर. एका खाटेवर दोघी दोघी, शिवाय त्यांची बाळं. हे सगळं सांभाळायला मी आणि नुकतीच पास होऊन आलेली एक कंत्राटी मुलगी. मावशी एकच, तीही दोन मजल्यांना मिळून. डॉक्टर थिएटरमध्ये सीझर करत होते.

पहिल्या टेबलावर एकोणीस वर्षांची पोर होती. ऊसतोड कामगाराच्या घरातली, पहिलटकरीण. घाबरून पाय आवळून घेत होती. मी तिच्या मांडीवर दोन थपडा मारल्या. तोंडाने जे बोलले ते इथे सांगत नाही. तुमच्यातल्या ज्या सरकारी दवाखान्यात बाळंत झाल्यात, त्यांना ते पाठ असेल.

तेवढ्यात तिसऱ्या टेबलावरच्या बाईला वार पडल्यावर रक्तस्राव सुरू झाला. तिची चौथी खेप. पोट चोळलं, सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं, हाताशी होतं ते सगळं केलं. डॉक्टरांना निरोप पाठवला, पण ते टेबलावरचं पोट उघडं टाकून येणार कसे? रक्त हवं होतं. आमच्या रक्तपेढीत तिच्या गटाचं रक्त नव्हतं. नवऱ्याला चिठ्ठी देऊन बाहेरच्या रक्तपेढीत पाठवलं. तो परत आला तेव्हा उजाडलं होतं. बाई गेली होती.

दुसऱ्या दिवशी एका महिला संघटनेचा मोर्चा आला. ‘निष्काळजी नर्सला निलंबित करा.’ मी वॉर्डाच्या खिडकीतून बघत होते. संध्याकाळी आदेश हातात पडला. तीन महिने निलंबन आणि त्यानंतर दोन वर्षं विभागीय चौकशी. इंजेक्शन किती वाजता दिलं, रजिस्टरवर सही का नाही, हे सगळं विचारलं. त्या रात्री तुम्ही किती जणी होतात, हे मात्र एकानेही विचारलं नाही. मोर्च्यातल्या बायकांनीही नाही.

आणि त्या दोन थपडांबद्दलही कुणी विचारलं नाही. जो मृत्यू मला एकटीला टाळता येत नव्हता, त्याची शिक्षा मला झाली. जी मारहाण माझ्याच हाताने झाली, तिची कुठे नोंदसुद्धा नाही. मैत्रिणींनो, सरकारी रुग्णालयाचा हिशेब असा उलटा लागतो, आणि आपणही नकळत त्याला हातभार लावतो.

आता जरा हिशेब करू. वॉर्डात चोवीस तास एक नर्स उभी ठेवायची तर किती नर्सेस नेमाव्या लागतात? आठवड्याचे तास १६८. एका बाईने ४८ तास काम केलं तरी साडेतीन बायका लागतात. त्यात रजा, आजारपण, बाळंतपण, प्रशिक्षण धरा. म्हणजे साडेचार-पाच. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण असं, की शिकाऊ विद्यार्थी असलेल्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक, आणि रजेसाठी ३० टक्के जास्त. कागदावर पदं मंजूर असतात. त्यातली काही रिक्त, काही जणी प्रतिनियुक्तीवर, काही ऑफिसच्या कामाला जुंपलेल्या. उरलेल्यांच्या तीन पाळ्या होतात. सगळ्यात कमी माणसं रात्री. आणि बाळंतपणं तर रात्रीचीही होतात!

दुसरीकडे काय झालं? २००५ साली जननी सुरक्षा योजना आली. आशाताई आल्या. ‘घरी बाळंत होऊ नका, दवाखान्यात या’ असं आपण सगळ्यांनीच गावोगाव सांगितलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे २००५-०६ साली महाराष्ट्रात शंभरातली सुमारे ६५ बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ साली ती ९५ च्या घरात गेली. त्यातली बरीचशी खाजगी दवाखान्यांत, हे खरं. पण ज्या गरीब बाया आमच्या दारात आल्या, त्यांच्यासाठी आमच्याकडे ना टेबलं वाढली ना माणसं. आणि पदं भरायची वेळ आली की कंत्राट. २०२२ च्या मे महिन्यात राज्यातल्या परिचारिकांनी संप केला, तो बाहेरच्या एजन्सीमार्फत भरती नको म्हणून. तेव्हा लोक म्हणाले, ‘यांना पगार वाढवून पाहिजे.’ ज्या मुलीला पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे माहीत नाही, ती वॉर्डाचं काम शिकणार कधी आणि चुकीच्या गोष्टीला ‘नाही’ म्हणणार कशी?

औषधांचंही तसंच. २०१७ साली राज्याने औषधखरेदी एका ठिकाणी, हाफकिन महामंडळाकडे दिली. खरेदी रखडली म्हणून ओरड झाली. मग २०२३ साली स्वतंत्र खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला. मधल्या काळात आमच्या हातात काय होतं? चिठ्ठी. हातमोजे बाहेरून आणा, टाक्यांचा दोरा बाहेरून आणा. त्या चिठ्ठीपायी नातेवाईक आमच्याशी भांडतात, मंत्रालयाशी नाही. आम्ही समोर असतो ना!

आणि मग एखाद्या दिवशी सगळं एकदम बाहेर येतं. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३, नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू. त्यात १२ नवजात बाळं. रुग्णालयातून आधी बदल्यांचं आणि रखडलेल्या खरेदीचं कारण सांगितलं गेलं, पुढे सरकारने औषधटंचाई नाकारली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पण लोकांच्या लक्षात काय राहिलं? एका खासदारांनी प्रभारी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं, ते चित्र. सफाई कामगार किती नेमले होते, हे त्या दिवशी कुणाच्या लक्षात राहिलं? ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली, ११ रुग्ण दगावले. पहिली अटक झाली ती एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. चार बायका. त्यांची चूक होती की नव्हती, ते मी ठरवत नाही. पण आग नर्सच्या टेबलापासून सुरू होत नाही. वायरिंग कुणी तपासायचं, आग विझवायची यंत्रणा कुणी बसवायची, पैसे कुणी मंजूर करायचे, त्या साखळीत नर्स सगळ्यात शेवटी येते. शिक्षेच्या रांगेत मात्र तिचा नंबर पहिला.

इथे थांबले तर तुम्ही टाळ्या वाजवाल आणि मी सुटेन. म्हणून पुढचंही सांगते. माणसं कमी होती म्हणून थप्पड बसली, हे अर्धंच खरं आहे. त्याच लेबर रूममध्ये, तेवढीच गर्दी असताना, आमच्या डॉक्टरांची वहिनी बाळंत झाली. मी तिला ‘ताई, थोडा जोर करा’ म्हटलं. तिच्यावर हात उचलला नाही, हात उचलावा असं मनातही आलं नाही. मग ऊसतोड पोरीवरच तो का उचलला? टंचाई सगळ्यांना असते, पण ती वाटली जाते जात, पैसा, ओळख पाहून. वरून ढकललेला ताण खाली उतरत जातो आणि जिच्या खाली कुणी नाही तिच्या अंगावर पडतो. ‘आम्ही तरी काय करणार, स्टाफच नाही’ असं म्हणून आम्ही नर्सेस यातून सुटू शकत नाही.

ती पोर २०१२ साली दुसऱ्या खेपेला परत आली. मला ओळखलं आणि टेबलाच्या पार कडेला सरकली. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, ‘आता हळू करा बाई, एवढंच.’

तर काय करायचं? कायदा आपल्या बाजूला आहे. पश्चिम बंगालमध्ये १९९२ साली हकीम शेख नावाचा शेतमजूर रेल्वेतून पडला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी ‘खाट नाही’, ‘सोय नाही’ म्हणून त्याला परत पाठवलं. त्याच्या खेतमजूर संघटनेने सर्वोच्च न्यायालय गाठलं. १९९६ साली न्यायालयाने सांगितलं, की वेळेवर उपचार न देणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसे नाहीत हे कारण सरकारला सांगता येणार नाही. एका मजुराच्या संघटनेने हे मिळवलं, हे विसरू नका.

म्हणून माझी विनंती अशी. रुग्णालयात मोर्चा जरूर न्या, पण आधी तीन आकडे माहितीच्या अधिकारात मागवा: मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि त्या रात्री प्रत्यक्ष ड्युटीवर किती. ड्युटी रजिस्टरची प्रत मागा. हे आकडे वॉर्डाच्या दारावर रोज लावा, अशी मागणी करा. महाराष्ट्रात २००७ साली काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. तिच्या जनसुनवायांमध्ये गावच्या बायकांनी अधिकाऱ्यांना उभं राहून उत्तरं द्यायला लावली आहेत. तो मार्ग आपण सोडू नये.

दुसरं, लेबर रूममध्ये सोबतीण पाहिजे म्हणून आग्रह धरा. २०१७ साली सुरू झालेल्या केंद्राच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूतीच्या वेळी सन्मानाची वागणूक आणि सोबत दोन्ही सांगितलं आहे. मी अनुभवाने सांगते, शेजारी आई किंवा बहीण उभी असेल तर हात उचलत नाही. मारहाण, शिवीगाळ झाली तर त्याची वेगळी तक्रार करा. मृत्यू झाला तरच नव्हे, बाई आणि बाळ सुखरूप घरी गेले तरीही करा.

आणि तिसरं, आम्हा नर्सेसनाही तुमच्या बैठकीला बोलवा. आमच्या युनियनमध्ये पगाराचं बोललं जातं, थपडेचं नाही. तुमच्याकडे थपडेचं बोललं जातं, ड्युटी रजिस्टरचं नाही. ही दोन बोलणी एका खोलीत आली पाहिजेत.

पुढच्या वेळी एखादी सिस्टर तुमच्यावर ओरडली तर तिला जाब जरूर विचारा. पण त्याच दमात हेही विचारा: ‘सिस्टर, रात्री तुम्ही किती जणी होतात?’ आणि तिने जो आकडा सांगितला, तो घेऊन तिच्या वरच्याकडे जा. त्यावेळी तिलाही सोबत घ्या.