कुंडीतले फळझाड घेताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी चार उपयोगाच्या गोष्टी सांगाव्यात, अशी चिटणीस बाईंची आज्ञा झाली. उपयोगाची गोष्ट म्हणजे कोणती, असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "गच्चीवर फळझाडे लावावीत असे पुष्कळजणींच्या मनात आहे, पण कोणती घ्यावीत व कोठून घ्यावीत ते कळत नाही, त्यावरच बोला." विषय माझ्या आवडीचा असल्यामुळे मी लगेच होकार दिला.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करते. आपण ज्या जिल्ह्यात राहतो तेथे झाड लावणे सोपे आहे. ते जगविणे अवघड आहे. मृगाचा पाऊस पडला की आपणा सर्वांनाच झाडे लावण्याची हौस येते. आषाढ-श्रावणात गच्ची हिरवीगार दिसते. पुढे फाल्गुन येतो, नळाच्या पाण्यातले दिवस वाढत जातात, आणि वैशाखात त्याच कुंड्यांतून वाळक्या काड्या उभ्या असतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. तेव्हा दुकानात जाऊन "कोणते झाड चांगले?" असे विचारण्यापूर्वी आपण आपल्याच घराला विचारावे, "मे महिन्यात माझ्याजवळ या झाडासाठी किती पाणी असेल?"

याचा हिशोब कठीण नाही. मोठ्या कुंडीतल्या वाढत्या झाडाला कडक उन्हात रोज पाच लिटर पाणी धरा. महिन्याचे दीडशे लिटर झाले. म्हणजे आपल्या दोनशे लिटरच्या पिंपाचा पाऊण भाग. अशा चार कुंड्या असल्या तर तीन पिंपे पाणी नुसते झाडांना हवे. आणि घरातले पाणी कोण भरते? जिना चढून बादली कोण नेते? ते आपणच करतो. म्हणून अंथरूण पाहून पाय पसरावेत. सहा झाडे घेऊन पाच गमाविण्यापेक्षा दोन घेऊन दोन्ही जगविणे केव्हाही शहाणपणाचे.

आता झाडांकडे वळू. हल्ली 'बुटके झाड' हा शब्द फार ऐकू येतो. झाड बुटके तीन कारणांनी राहते. काही जातींचा स्वभावच आटोपशीर असतो. आंब्यातली 'आम्रपाली' तशी आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून ती तयार झाली. ती दरवर्षी फळते आणि लहान जागेत मावते, म्हणून ज्यांना कुंडीत आंबाच हवा त्यांनी आम्रपाली घ्यावी. दुसरे कारण खुंटाचे. इंग्लंडात ईस्ट मॉलिंग येथील केंद्राने गेल्या शतकाच्या आरंभी सफरचंदासाठी बुटके खुंट निवडून काढले, आणि त्यांच्यावर बांधलेली झाडे माणसाच्या हाताला येतील एवढीच राहू लागली. आपल्याकडच्या फळांना तसे खुंट अजून रोपवाटिकांतून सर्रास मिळत नाहीत. तिसरे कारण म्हणजे कुंडीची मर्यादा आणि आपली कात्री. आपल्या गच्चीवरची बहुतेक झाडे या तिसऱ्या कारणानेच लहान राहतात. तेव्हा 'बुटका हापूस', 'बुटके चिकू' अशी चिठ्ठी लावून कोणी दुप्पट किंमत सांगितली, तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, एवढे लक्षात ठेवावे.

मग आपल्याकडे कोणते झाड निवडावे? माझे उत्तर सोपे आहे: वैशाखात झोपणारे झाड निवडावे. हे ऐकून काही भगिनी हसतील, पण यात गंमत नाही.

डाळिंब पाहा. आपले शेतकरी मृग बहार धरतात तेव्हा उन्हाळ्यात बागेचे पाणी तोडतात. झाड पाने टाकते, विसावा घेते, आणि पावसाबरोबर फुटून फुलांवर येते. फळे थंडीत हाती लागतात. म्हणजे ज्या दोन महिन्यांत आपल्याजवळ पाणी नसते त्याच महिन्यांत या झाडालाही ते फारसे नको असते. कुंडीतली माती थोडी असल्यामुळे पाणी अगदी बंद मात्र करू नये. काड्या सुकणार नाहीत इतके देत राहावे. शिवाय डाळिंबाला क्षारांचे पाणी बरेच सोसते, ही बोअरच्या पाण्यावर राहणाऱ्यांसाठी मोठी सोय आहे. जातींपैकी 'भगवा' सर्वत्र मिळतो. 'गणेश' ही जुनी जात पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. चीमा यांनी निवडलेली. तिचे दाणे मऊ असतात. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र तर आपल्या शेजारी सोलापुरातच आहे. लोह व जस्त अधिक असलेली 'सोलापूर लाल' ही जात त्याच केंद्राने काढली आहे.

दुसरे झाड सीताफळाचे. आपल्या बालाघाटाच्या डोंगरांतून ते कोणी पाणी न घालता उगवते. उन्हाळ्यात ते पाने टाकून स्वस्थ बसते. कुंडीत एक अडचण येते. फुले पुष्कळ येतात, पण फळे धरत नाहीत. याचे कारण असे की एकाच फुलातले स्त्रीकेसर आधी तयार होतात आणि पराग मागाहून सुटतो. पूर्ण उमललेल्या फुलातला पराग मऊ कुंचल्याने घेऊन सकाळी अर्धवट उघडलेल्या फुलात लावावा. हळदी-कुंकवाइतके नाजूक काम आहे, पण मुलींना फार आवडते.

तिसरा पेरू. 'सरदार' म्हणजेच 'लखनौ ४९' ही जात नाव लखनौचे लावीत असली तरी आपल्याच राज्यात, गणेशखिंडीत, १९२७ साली निवडली गेली. पेरूला नव्या फुटीवर फळ येते, म्हणून कात्री लावली की तो रागावत नाही. उलट अधिक फळतो. मेअखेर हलकी छाटणी केली की पावसात फुले आणि हिवाळ्यात पेरू.

अंजीर ज्यांना आवडते त्यांनी तेही घ्यावे. त्याची मुळे कुंडीत आवळून राहिली तरी ते कुरकुरत नाही, आणि क्षारही सोसते. पावसाळ्यात पानांवर तांबेरा येतो, एवढी काळजी घ्यावी.

आंबा, चिकू आणि लिंबू ही मात्र उन्हाळ्यात जागी राहणारी झाडे. आंब्याचे फळ ऐन उन्हात पोसते. लिंबू व चिकू बारा महिने हिरवे. त्यांना मे महिन्यात पाणी द्यावेच लागते. त्यातही लिंबाला जड पाणी मुळीच मानवत नाही. पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर खताला दोष न देता पाण्याकडे पाहावे. पावसाचे पाणी साठविण्याची सोय असेल त्यांनीच लिंबू घ्यावे. साबणाचे पाणी त्याला घालू नये.

आता खरेदीची गोष्ट. साडी घरी आणून उलगडली की तिची लबाडी त्याच दिवशी कळते. फळझाडाची लबाडी तीन-चार वर्षांनी कळते. तोवर विकणारा कोठे आणि आपण कोठे! आमच्या गल्लीतल्या एका बाईंनी दारावर आलेल्या टेम्पोतून कलमी म्हणून आंबा घेतला. चार उन्हाळे त्यांनी स्वतःच्या वाट्याचे पाणी त्याला घातले. झाड उंच झाले, पाने झाली, मोहोर काही आला नाही. शेवटी जाणत्या माणसाने पाहून सांगितले, हे कोयीचे रोप आहे, कलम नव्हेच. पैसे थोडेच गेले, पण चार वर्षांचे पाणी व श्रम कोणी परत दिले नाहीत.

म्हणून मुलीचे स्थळ पाहताना जसे आपण घराणे विचारतो, तसे झाडाचेही विचारावे. आपल्या राज्यात १९६९ सालापासून फळरोपवाटिकांचा व फळझाडांच्या विक्रीचा कायदा आहे. त्याप्रमाणे रोपवाटिकेला परवाना लागतो, खुंट आणि कलमकाडी कोठून आणली याची नोंद ठेवावी लागते, आणि कलमावर जातीच्या नावाची चिठ्ठी लागते. आपण परवाना दाखवा म्हटले म्हणजे काही भांडण केले असे होत नाही. पावती घ्यावी, आणि तीवर "आंबा" एवढेच न लिहिता "आम्रपाली, कलम" असे लिहून घ्यावे. तुळजापूरचे कृषी विज्ञान केंद्र, परभणीचे कृषी विद्यापीठ आणि शासनाच्या तालुका फळरोपवाटिका यांच्याकडे आधी चौकशी करावी. तिकडे हवी ती जात नसेल तर मग खाजगी परवानाधारकाकडे जावे.

रोप हातात घेतल्यावर काय पाहावे तेही सांगते. आंबा, सीताफळ व चिकू यांच्या कलमाला जमिनीपासून वीतभर उंचीवर सांधा दिसलाच पाहिजे. त्याच्या वरची व खालची साल किंचित वेगळी असते. सांधा घट्ट भरलेला हवा. डाळिंब बहुधा गुटी कलमाचे आणि अंजीर फाट्याचे असते, त्यांना सांधा नसतो. तेथे तो शोधू नये. कागदी लिंबू बियांपासूनही जातिवंत येते, म्हणून लिंबाचे रोप बियांचे निघाले तर ती फसवणूक नव्हे. फळाला वेळ मात्र अधिक लागतो. पिशवीच्या तळातून जाड मुळे बाहेर येऊन गुंडाळलेली असतील तर ते रोप घेऊ नये. वीतभर रोपाला लटकलेले मोठे फळ पाहून भुलू नये. मुळांत जायची शक्ती त्या फळात गेलेली असते. उंच रोपापेक्षा बुंध्याने जाड आणि खालून फांद्या फुटलेले रोप घ्यावे.

घरी आणल्यावर चार-आठ दिवस सावलीत ठेवून मग सायंकाळी कुंडीत लावावे. सांधा मातीच्या वर राहू द्यावा आणि त्याच्या खालून येणारे फुटवे खुडून टाकावेत, कारण ते खुंटाचे असतात. नुसती काळी माती भरू नये; ती सुकली की भेगाळते व ओली झाली की दगडासारखी बसते. माती, कुजलेले शेणखत आणि मुरूम किंवा जाड वाळू सारख्या प्रमाणात घ्यावी. उन्हाळ्यात वरून पाचट किंवा सोयाबीनचे भुसकट अंथरावे, आणि कुंडीला बाहेरून चुना लावावा.

एक इशारा. पिंप अर्धे कापून केलेली कुंडी ओल्या मातीने भरली की दीड क्विंटलच्या घरात जाते. सिमेंटच्या गच्चीवरही ती भिंतीच्या आधाराला ठेवावी, मधोमध ठेवू नये. ज्यांचे घर माळवदाचे आहे त्यांनी ती वर मुळीच नेऊ नये. ओटा किंवा अंगण हीच तिची जागा.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. येत्या जूनमध्ये आपण एकेकटीने दारावरच्या टेम्पोतून रोपे घेण्याऐवजी नावांची यादी करून परवान्याच्या रोपवाटिकेतून एकदम आणावीत. भाव बरा मिळेल, पावती मंडळाच्या नावाची राहील, आणि जात चुकली तर विचारायला एकटी बाई न जाता मंडळ जाईल. पुढच्या वर्धापनदिनी किती झाडे लावली याचा अहवाल मात्र वाचू नये. उन्हाळा ओलांडून किती झाडे उभी आहेत, तेवढीच मोजावीत.