पावसाआधी गाडीचे ओरखडे: काय घासायचं, काय रंगवायचं आणि काय तसंच राहू द्यायचं

आजचा भाग सेकंडहँड गाडी घेतलेल्यांसाठी. त्यातही ज्यांची गाडी पनवेल, करंजाडे, कामोठे, कळंबोली या पट्ट्यात उघड्यावर उभी असते, त्यांनी जरा कान देऊन ऐका. एक प्रश्न सारखा येतो: "सात-आठ वर्षं जुनी गाडी घेतलीय, इंजिन ठणठणीत आहे, पण बॉडीवर ओरखडे आहेत. पूर्ण पेंट मारून घेऊ का?" माझं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, नको. पण काही जागा अशा असतात की तिथे एक आठवडासुद्धा थांबू नये.

आधी रंग म्हणजे काय ते बघू. पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. म्हणजे झेरॉक्सचा एक, फार तर दीड कागद! त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनच्या आसपास. पॉलिशवाला मशीन फिरवतो आणि गाडी आरशासारखी चमकते, तेव्हा तो त्या कागदातलाच थोडा भाग घासून काढत असतो. वर्षातून चार वेळा 'रबिंग' करून घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

दुसरं, कंपनीत हा रंग सीट-वायरिंग बसवायच्या आधी, १४० अंशांच्या आसपास भट्टीत भाजला जातो. गॅरेजवाल्याला तयार गाडी इतकी तापवताच येत नाही, प्लास्टिक वितळेल. म्हणून कंपनीचा मूळ रंग जितका वाचेल तितका वाचवायचा. चार बारीक ओरखड्यांसाठी अख्खा दरवाजा रंगवला, तर उन्हात तो दरवाजा शेजारच्या फेंडरपेक्षा वेगळा दिसू शकतो. सिल्व्हर आणि ग्रे मेटॅलिकमध्ये तर हमखास. मग गाडी विकताना समोरचा विचारणारच, "ठोकली होती का हो?"

आता ओरखडा ओळखायचा कसा? गाडी धुवा आणि ओरखड्यावर पाणी टाका. ओलं असताना तो गायब झाला, तर तो फक्त क्लिअर कोटमध्ये आहे. मग नख आडवं फिरवा. अडकत नसेल, तर रबिंग कंपाउंड, मायक्रोफायबरचं फडकं आणि हाताची मेहनत पुरते. अडकत असेल, तर घासून उपयोग नाही, तिथे रंग भरावा लागेल. घासताना फडक्याला गाडीचाच रंग लागायला लागला, तर लगेच थांबा. वर क्लिअर कोट उरलेला नाही, किंवा आधीपासून नव्हताच.

आणि हो, अर्धे 'ओरखडे' मुळात ओरखडे नसतातच. सोसायटीच्या स्टिल्टमधले ते काळे-पिवळे खांब माहितीयत ना? त्यांचा रंग बंपरच्या कोपऱ्याला लागलेला असतो. तो आपल्या रंगाच्या वर बसलेला असतो. कंपाउंडने हळूहळू घासलं की निघतो आणि खाली बहुतेक वेळा फारसं काही झालेलं नसतं. त्यासाठी थिनर मात्र वापरू नका. सेकंडहँड गाडीत तो भाग आधी कुठल्यातरी गॅरेजमध्ये रंगवलेला असू शकतो, आणि तसला रंग थिनरने विरघळून हातात येतो.

आता मुख्य मुद्दा, दगडाचे टिपके. आपला भाग म्हणजे एक्सप्रेसवेचं तोंड. वर जेएनपीटीचे ट्रेलर, खडी-मातीचे डंपर. पुढच्या गाडीच्या टायरमधून उडालेला खडा बॉनेटच्या पुढच्या कडेवर बसतो, नाहीतर काचेच्या वर छताच्या कडेवर. ज्वारीच्या दाण्याएवढा टवका उडतो. दिसायला काहीच नाही, पण तो थेट पत्र्यापर्यंत गेला असेल तर आपल्याकडची हवा त्याला सोडत नाही. खाडीकाठची दमट हवा, त्यात जूनपासून चार महिने ओल. गंज एकदा सुरू झाला की तो रंगाच्या खालून पसरतो. वर फुगवटा दिसेपर्यंत खालचा पत्रा बराच खाल्लेला असतो. मग काम ब्रशचं उरत नाही, पत्रा कापण्याचं होतं.

म्हणून माझा क्रम असा: बॉनेट, छत, दरवाज्यांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी आधी. बंपर सगळ्यात शेवटी. बंपर प्लास्टिकचा आहे, त्याला गंज चढत नाही. लोक नेमकं उलटं करतात. बंपर डोळ्यांना खुपतो म्हणून त्यावर खर्च, आणि छतावरचा टवका वर कोण बघतंय म्हणून तसाच.

टचिंग घरी करता येतं. गाडीचा कलर कोड बघा. तो दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली प्लेटवर, स्टिकरवर असतो. मारुतीच्या सिल्की सिल्व्हरचा झेड-टू-एस, सुपीरियर व्हाइटचा ट्वेंटीसिक्स-यू, असे कोड असतात. दुकानात नुसतं 'पांढरा द्या' म्हणू नका, पांढरे डझनभर असतात. टवका धुवून पूर्ण सुकवा. गंज दिसत असेल तर बारीक पॉलिश पेपरच्या छोट्या तुकड्याने तेवढाच घासा, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग टूथपिकच्या टोकाने प्रायमरचा थेंब. बाटलीसोबत येणारा ब्रश या कामाला फार जाड असतो. प्रायमर सुकला की रंग, दोन-तीन पातळ थरांत, प्रत्येक थर सुकू देऊन. शेवटी क्लिअर. जवळून बघितलं तर ठिपका दिसणारच. आपल्याला पत्रा झाकायचाय, फोटो काढायचा नाहीये.

हे सगळं पावसाआधी करायचं, त्याला कारण आहे. रंगातला थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो. हवा दमट असेल तर तिथे बाष्प बसतं आणि रंग दुधासारखा पांढुरका पडतो. म्हणून जुलैमध्ये उघड्या गॅरेजमध्ये मारलेला रंग फसण्याची शक्यता जास्त. आणि मे महिन्यात भर दुपारी तापलेल्या बॉनेटवरही नको. सकाळची सावली बघा.

पोचा पडला असेल तर एकच बघा: रंग तडकलाय का? नसेल, तर रंग न लावता पोचा काढणारे कारागीर असतात. ते आतून सळ्यांनी पत्रा हळूहळू बाहेर ढकलतात. मूळ रंग वाचतो. गॅरेजवाला "लांबी भरून एका दिवसात देतो" म्हणाला, तरी आधी हा पर्याय विचारा. लांबीचा जाड थर काही वर्षांनी तडकतो, आणि त्या भेगेतून पाणी आत शिरतं.

गाडी अजून घ्यायची असेल, तर फ्रिजवरचं पातळ लोहचुंबक खिशात ठेवा, फडक्यात गुंडाळून. पत्र्याच्या दारावर एका जागी चिकटतं आणि दुसऱ्या जागी घसरतं, म्हणजे खाली लांबी आहे. गाडी नाकारायलाच हवी असं नाही, पण भाव करताना बोलता येतं. सीटबेल्टही पूर्ण ओढून बघा. टोकाला चिखलाची रेघ असेल तर गाडी पाण्यात उभी होती. तिथे पॉलिशची चर्चाच नको, नमस्कार करून निघा.

पिवळ्या पडलेल्या हेडलाइट्स मी दिसण्याच्या यादीत धरत नाही. पावसात रात्री घाटातून येताना उजेड अर्धा असेल तर ते जिवावरचं आहे. उन्हाने पॉलिकार्बोनेटचा वरचा थर मरतो. ओल्या पेपरने, १००० मग २०००, घासून कंपाउंड मारलं की काच उजळते. टूथपेस्टनेही उजळते, पण थोडे दिवसच, कारण वर यूव्हीचं संरक्षण नसतं. त्यासाठी यूव्ही क्लिअर कोट मारावाच लागतो.

आता पैसे. "इन्शुरन्समधून करून घेऊ" म्हणण्याआधी हिशोब करा. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये सक्तीचे खिशातून जातात, आणि क्लेम घेतला की नो क्लेम बोनस साधारणपणे शून्यावर येतो. पहिल्या वर्षानंतर तो २० टक्के असतो, पाच वर्षांनी ५० टक्के. छोट्या बंपरसाठी हा सौदा बहुतेक वेळा तोट्याचा.

सेकंडहँडवाल्यांसाठी अजून एक. आधीच्या मालकाचा बोनस तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. पॉलिसी तुमच्या नावावर करायला गाडी हस्तांतरित झाल्यापासून १४ दिवसांत अर्ज करायचा असतो. तो राहिला असेल तर टचिंगची बाटली नंतर घ्या, आधी ते काम उरका.

पूर्ण रंग बदलायचाच असेल, म्हणजे सिल्व्हरची काळी वगैरे, तर आधी आरटीओची परवानगी आणि मग आरसी बुकात नोंद. त्याच रंगाच्या टचिंगला काही लागत नाही.

पुढच्या भागात टायर. तोवर छतावर एकदा चढून बघा, म्हणजे स्टुलावर, गाडीवर नाही.