क्रीडांगण, मार्गदर्शक आणि पालक

(मंडळाच्या वार्षिक गुणगौरव समारंभात, नावडे येथे, एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



चिटणीसांनी मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी मोठ्या संकोचाने होकार दिला. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक साधा प्राथमिक शिक्षक. सेवेतून निवृत्त होऊनही आता बरीच वर्षे झाली. विद्वत्तेचा अधिकार माझ्याकडे नाही. परंतु माझी कन्या महाविद्यालयात असताना तीन वर्षे कबड्डीच्या संघात होती, आणि एक पालक म्हणून मैदानाच्या दोरीबाहेर उभे राहून मी पुष्कळ पाहिले. तेवढ्याच अधिकारावर ‘महाविद्यालयीन खेळातील नेतृत्व आणि मार्गदर्शन’ ह्या विषयावर मी आज बोलणार आहे.

आपल्या आगरी समाजाला खेळ कोणी शिकवावा लागला नाही. भातकापणी झाली, मळणी उरकली, की मोकळ्या शेतात फक्कीच्या रेषा आखायच्या आणि गावोगावचे संघ बोलवायचे, ही आपली जुनी रीत. त्या शेतात मार्गदर्शक म्हणजे गावातलाच कोणी वडीलधारा खेळाडू असे. तो रागावला तरी घरचाच होता आणि चुकला तर त्याला बोलणारेही घरचेच होते. १९७० साली सिडकोची स्थापना झाली. तळोज्याची औद्योगिक वसाहत उभी राहिली. शेते गेली आणि त्यांच्याबरोबर ती मैदानेही गेली. आज आपली मुले-मुली कबड्डी खेळतात ती बहुधा मॅटवर, पायांत बूट घालून आणि महाविद्यालयाच्या नावाने. घरच्या माणसाच्या हातून आपले मूल आता परक्या, पगारी शिक्षकाच्या हाती गेले आहे. ह्यात वाईट काही नाही. उलट शास्त्रशुद्ध शिक्षणाची सोय झाली. परंतु पालकाची जबाबदारी त्यामुळे कमी झाली असे कोणी मानू नये. ती बदलली आहे, एवढेच.

महाविद्यालयाने खेळाडूमागे कसे उभे राहावे, ह्याचे आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत तेजस्वी उदाहरण कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव तेथे विद्यार्थी होते. असे सांगतात की, वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला ते गेले, तेव्हा त्यांची लहानखुरी अंगकाठी पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांना परत पाठविले. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य खर्डेकर ह्यांनी परवानगी दिली आणि ह्या लहानखुऱ्या मुलाने आपल्याहून थोराड मल्लांना चीत केले. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. लाल मातीच्या आखाड्यात वाढलेल्या मल्लाने परक्या नियमांनी, मॅटवर खेळून मिळविलेले ते यश होते. पुढे १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैशाची ददात पडली, तेव्हा त्याच खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ५७ किलो वजनी गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्यानंतर दुसरे मिळायला १९९६ साल उजाडावे लागले. गावी परतल्यावर बैलगाड्यांच्या रांगेने त्यांची मिरवणूक निघाली; आणि खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून त्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडविले.

ह्या कथेतील घर गहाण टाकण्याचा प्रसंग आपण नेहमी सांगतो, आणि तो सांगण्यासारखा आहेच. परंतु एका शिक्षकाला त्यातील दुसरे दोन प्रसंग अधिक विचार करण्यासारखे वाटतात. पहिला प्रसंग प्रवेशाचा. एका शिक्षकाने नजरेने माप काढून ‘नाही’ म्हटले. दुसऱ्याने ‘खेळून दाखव’ म्हटले. दोघेही एकाच संस्थेतले. मुलाचे भवितव्य किती वेळा अशा एका शब्दावर टांगलेले असते! दुसरा प्रसंग हेलसिंकीचा. जपानच्या मल्लाशी दीर्घकाळ झुंजून खाशाबा थकले असतानाच त्यांना लगोलग सोव्हिएत मल्लाशी लढण्यास बोलाविण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हवी होती, परंतु ते हक्काने सांगण्यासाठी तेथे भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता, असे त्या प्रसंगाविषयी सांगितले जाते. मल्ल आपले काम करीत होता. त्याच्या वतीने बोलणारा मात्र नव्हता. माझ्या अल्पमतीप्रमाणे मार्गदर्शकाचे पहिले कर्तव्य येथेच आहे. डाव शिकविणे हे त्याच्या कामाचे अर्धे अंग. खेळाडूला बोलण्याचे बळ उरत नाही त्या घटकेला त्याच्यासाठी बोलणे, हे दुसरे.

आता आपल्या कबड्डीकडे वळू. २०१८ साली जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने भारताचा २७ विरुद्ध २४ असा पराभव केला. २०१० आणि २०१४ ह्या दोन्ही वेळचे सुवर्णपदक आपल्या मुलींनी जिंकले होते. म्हणून सर्वांनाच हळहळ वाटली. परंतु इराणच्या त्या मुलींना घडविणाऱ्या मार्गदर्शिका आपल्या महाराष्ट्राच्याच, नाशिकच्या शैलजा जैन होत्या. परक्या देशात जाऊन त्यांनी मुलींशी बोलता यावे म्हणून त्यांची भाषा थोडीफार शिकून घेतली आणि सरावाला योग व प्राणायामाची जोड दिली. केवळ दीड-एक वर्षाच्या शिकवणुकीने हे फळ मिळाले. ह्यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. शिष्याची भाषा गुरूने शिकावी, ही पहिली. आणि ज्या घराला आपल्या गुणी माणसाची किंमत कळत नाही, त्याच्या अंगणातले पाणी शेजाऱ्याच्या मळ्याला जाते, ही दुसरी. आपल्या गावोगावी निवृत्त झालेले किती उत्तम खेळाडू ओट्यावर बसून आहेत, ह्याचा मंडळाने अवश्य विचार करावा.

एवढ्या थोर उदाहरणांनंतर घरची गोष्ट सांगणे थोडे धाडसाचे आहे. परंतु ज्या अनुभवाने मला ह्या विषयाकडे वळविले तो सांगितल्यावाचून माझे बोलणे पुरे होणार नाही. महाविद्यालयाचे नाव मी घेणार नाही.

माझी कन्या तिसऱ्या वर्षाला असताना संघाची कर्णधार झाली. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या उपांत्य सामन्याआधी संघातील डावा कोपरा सांभाळणाऱ्या मुलीचा गुडघा सरावात दुखावला. ती मुलगी दुसऱ्या वर्षाची, गरीब घरची आणि मोठी जिद्दीची. गुडघा सुजला होता. तिला जिना उतरता येत नव्हता. क्रीडाशिक्षक म्हणाले, “पट्टी बांध आणि उतर. एका सामन्याचा प्रश्न आहे.” ती मुलगी उतरायला तयारही झाली, कारण नाही म्हणण्याची तिची प्राज्ञा नव्हती. तेव्हा माझी कन्या पुढे होऊन म्हणाली, “सर, ती आज खेळणार नाही. राखीव मुलगी खेळेल.” राखीव मुलगी खेळली आणि संघ तीन गुणांनी हरला. दुसऱ्या दिवशी कन्येचे कर्णधारपद गेले.

घरी साहजिकच संताप झाला. तिच्या आईचे म्हणणे, मी तत्काळ प्राचार्यांना भेटून जाब विचारावा. आयुष्यभर शाळेत काढलेल्या माणसाला प्राचार्यांच्या दालनाची भीती वाटत नाही; मी निघण्याच्या तयारीतही होतो. परंतु निघण्यापूर्वी तिला विचारले, “मी येऊ का?” ती म्हणाली, “बाबा, तुम्ही आलात तर ती माझ्या एकटीची तक्रार होईल. आम्ही बाराजणी मिळून जातो.” त्या बाराजणी गेल्या. कर्णधारपद परत मागितले नाही. त्यांनी एकच मागणी लिहून दिली, की दुखापत झालेल्या खेळाडूला डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून कोणत्याही सामन्यात उतरवू नये. प्राचार्यांनी ती मान्य केली. डॉक्टरांनी त्या मुलीच्या गुडघ्याचा अस्थिबंध काही अंशी फाटल्याचे सांगून तीन महिने सक्तीची विश्रांती दिली. त्या दिवशी ती खेळली असती तर तो पुरता तुटण्याचा धोका होता, असेही ते म्हणाले. पुढच्या वर्षी ती मुलगी पुन्हा डाव्या कोपऱ्यात उभी राहिली. माझ्या कन्येचे कर्णधारपद मात्र गेले ते गेलेच. तिने उरलेले सामने साधी खेळाडू म्हणून खेळले.

बंधुभगिनींनो, नेतृत्व म्हणजे काय, हे मी पाठ्यपुस्तकातून अनेक वर्षे मुलांना शिकविले. ते प्रत्यक्ष पाहिले ते मात्र त्या आठवड्यात. पद आहे तोवर हुकूम सोडणे सोपे आहे. पद जाईल हे ठाऊक असताना सोबतिणीचा गुडघा वाचविणे, आणि पद गेल्यावरही त्याच संघात मनापासून खेळणे, ह्याला नेतृत्व म्हणावे. आणि त्या क्रीडाशिक्षकांविषयीही न्यायाने बोलले पाहिजे. ते दुष्ट नव्हते. त्यांनी संघासाठी रविवार घालविले होते, स्वतःच्या खिशातून मुलींना चहा-नाश्ता दिला होता. ढालीच्या मोहाने त्यांची दृष्टी क्षणभर झाकोळली. म्हणूनच शिक्षक चांगला असला तरी नियम हवा, आणि नियम असला तरी तो बोलून दाखविणारे कोणी हवे.

आता पालकांनी काय करावे? मला सुचते ते थोडक्यात सांगतो. मुलाला वा मुलीला संघात घातल्यावर सराव किती वाजता सुटतो, बाहेरगावच्या स्पर्धेला मुलींबरोबर स्त्री-शिक्षिका जाते की नाही, दुखापत झाल्यास दवाखान्यात कोण नेते, हे प्रश्न पहिल्याच महिन्यात नम्रपणे विचारावेत. २०२३ साली देशाच्या नामांकित महिला कुस्तीगिरांना न्यायासाठी दिल्लीला जंतरमंतरवर बसावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले. प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असणे २०१५ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनी बंधनकारक आहे. तिच्यात कोण आहे, हे आपल्या मुलीला ठाऊक असावे. ह्यात अविश्वास नाही, दक्षता आहे.

परंतु एवढे विचारून झाल्यावर पालकाने दोरीबाहेर गप्प उभे राहण्यास शिकावे. चढाईला गेलेल्या मुलाला एका कानाने मार्गदर्शकाचे आणि दुसऱ्या कानाने बापाचे ऐकावे लागले, तर तो मध्यरेषेला परत कसा यावा? २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळविणारे स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या मातीला मिळालेले हे वैयक्तिक पदक! त्यांचे वडील शिक्षक. मुलाचे चित्त विचलित होऊ नये म्हणून अंतिम फेरीच्या आदल्या दिवशी त्याला फोनही केला नाही, असे त्यांनी वार्ताहरांना सांगितले. आपल्या व्यवसायबंधूचा हा संयम मला पदकाइतकाच मोलाचा वाटतो.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपण दरवर्षी परीक्षेतील गुणवंतांचा सत्कार करतो, पदके जिंकणाऱ्यांनाही शाल-श्रीफळ देतो. त्याबरोबरच खेळताना जायबंदी झालेल्या समाजातील मुलामुलींच्या औषधोपचारासाठी एक लहानसा निधी उभारावा. घर गहाण टाकण्याची ऐपत किंवा छाती प्रत्येकाची नसते; परंतु प्रत्येक घराने वर्षाकाठी शंभर रुपये दिले, तर कोणा गरीब मुलीला पट्टी बांधून मैदानात उतरण्याची पाळी येणार नाही. ह्या निधीसाठी माझे पहिले शंभर रुपये मी सभा संपताच खजिनदारांकडे देत आहे.