चाळीतलं वाय-फाय

नायगावच्या किंवा ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकातल्या. खोली १६० चौरस फुटांची. एवढ्याशा जागेतही वाय-फाय अडखळतं, ते बहुधा शेजारामुळे. घरोघरी राउटर, आणि २.४ गिगाहर्ट्‌झवर एकमेकांत न घुसणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. मोबाइलवर वाय-फाय अ‍ॅनालायझर लावून बघा. सगळे सहावर गर्दी करून असतील, तर तुम्ही अकरावर जा. त्याहून सोपं, ५ गिगाहर्ट्‌झ निवडा. भिंत ओलांडायला ते कच्चं, पण एका खोलीला पुरून उरतं. राउटर मात्र लोखंडी कपाटामागे दडवू नका.

सेटिंगमध्ये शिरलाच आहात, तर राउटरचा मूळ पासवर्डही बदलून टाका. बऱ्याचदा तो नुसता ‘अ‍ॅडमिन’ असतो, म्हणजे नसल्यातच जमा! गणपतीत भाचरं येतात. त्यांच्यासाठी ‘गेस्ट नेटवर्क’ वेगळं ठेवा.

आणि स्क्रीनवर अचानक ‘व्हायरस शिरलाय, या नंबरवर फोन करा’ असं झळकलं, तर फोन अजिबात करायचा नाही. ब्राउझर बंद करा; होत नसेल, तर कॉम्प्युटरच बंद करा. त्या नादात खात्यातून पैसे गेलेच, तर लगेच १९३० फिरवा आणि बँकेलाही कळवा.