मत बदलणारा तत्त्वज्ञ

लग्नसराईत आपण सराफाकडे जातो. अंगठी अस्सल सोन्याची आहे की नाही, हे आपल्याला कुठं ओळखता येतं? सराफ ती कसोटीवर घासतो आणि सांगतो. तरीही ‘सोनं’ हा शब्द आपण बेधडक वापरतो. म्हणजे शब्दाचा सगळा अर्थ आपल्या डोक्यात नसतोच. थोडा त्या धातूत असतो, थोडा जाणकारांच्या हाती. अमेरिकन तत्त्वज्ञ हिलरी पटनम यांनी १९७५ साली एका गाजलेल्या निबंधात हेच मांडलं, तेही सोन्याचाच दाखला देऊन.

पटनम यांचा जन्म १९२६ सालचा, शिकागोचा. प्रिन्स्टन, एमआयटी आणि १९६५पासून हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी शिकवलं. २००० साली ते निवृत्त झाले. १९६०च्या दशकात त्यांनी एक नवा विचार दिला होता. मन म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमसारखं काहीतरी. मेंदू कशाचा घडला आहे यापेक्षा त्याचं काम कसं चालतं, याला महत्त्व. हा विचार चांगलाच रुजला आणि पटनम यांचं नाव झालं.

पण अर्थ डोक्याबाहेरही असेल, तर विचार करणं म्हणजे निव्वळ डोक्यातला प्रोग्रॅम, असं कसं म्हणता येईल? त्यांच्याच दुसऱ्या सिद्धान्तानं पहिल्याच्या पायाखाली सुरुंग लावला होता. १९८८च्या पुस्तकात त्यांनी स्वतःच्याच जुन्या मताचं सविस्तर खंडन केलं. अनुयायी मात्र जुन्याच वाटेवर राहिले.

यावरून त्यांची थट्टाही झाली. डॅनियल डेनेट या तत्त्वज्ञानं एक विनोदी कोश रचला. त्यात ‘हिलरी’ म्हणजे थोर तत्त्वज्ञाच्या आयुष्यातला महत्त्वाचा, पण अगदी अल्प कालखंड!

आपल्याकडे ‘शब्द फिरवला’ हा मोठा आरोप असतो आणि स्वार्थासाठी फिरवला असेल तर तो रास्तच. पण ज्या मतानं नाव मिळवून दिलं, तेच चुकीचं आहे असं उघडपणे सांगण्यात कसला आलाय स्वार्थ? पटनम २०१६ साली गेले. आज संगणक आपल्याशी मराठीतून गप्पा मारू लागला आहे. त्याला आपल्या शब्दांचा अर्थ खरंच कळतो का, असा प्रश्न पडला, तर पटनम यांची दोन्ही मतं आठवावीत. आणि ती बदलण्याची त्यांची तयारीही.