बंद खोलीतला माणूस



चलच्चित्रांवर व्याख्यान आहे असे ऐकून आपल्यापैकी काहींनी नातवंडांना बरोबर आणले आहे, हे मला येथून दिसते. त्यांना आवारात खेळू द्यावे, हे बरे. मी जिच्याविषयी बोलणार आहे ती चित्रमालिका हसविते खरी, पण ते हसू मुलांचे नव्हे.

तात्सुहिको ताकिमोतो या जपानी लेखकाची कादंबरी २००२ साली निघाली. तिच्यावरून ‘गोन्झो’ या चित्रसंस्थेने २००६ मध्ये चोवीस भागांची मालिका केली. नाव ‘वेलकम टू द एन. एच. के.’. एन. एच. के. ही जपानची सार्वजनिक नभोवाणी. पण नायक सातो याची खात्री आहे की, ही अक्षरे ‘निहोन हिकिकोमोरी क्योकाई’ची, म्हणजे माणसांना खोलीत कोंडून ठेवणाऱ्या एका गुप्त मंडळाची आहेत! बावीस वर्षांचा हा गृहस्थ, कॉलेज सोडून जवळजवळ चार वर्षे खोलीत बसलेला. दोष आपला नसून कारस्थानाचा आहे, हे ठरविल्यावर त्याला केवढे हायसे वाटते!

‘हिकिकोमोरी’ म्हणजे स्वतःला ओढून घेऊन आत कोंडणे. आपण घरकोंबडा म्हणतो, पण घरकोंबडा निदान घरच्या माणसांत वावरतो. तामाकी साइतो या मानसोपचारतज्ज्ञाने १९९८ साली पुस्तक लिहून हा शब्द घरोघर पोहोचविला. सहा महिने वा अधिक काळ असे राहणे, ही त्याची कसोटी. २०२३ साली जपान सरकारने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, पंधरा ते चौसष्ट या वयोगटांत असे सुमारे १४ लाख ६० हजार लोक असावेत, असा अंदाज आहे.

सातोच्या दारात मिसाकी नावाची मुलगी येते. ती करार लिहून आणते आणि रोज रात्री बागेत बसून त्याला व्याख्याने देते. फ्रॉइड काय, युंग काय, स्वप्नांचे अर्थ काय! त्या व्याख्यानांचा सातोवर काडीचा परिणाम होत नाही. हे सांगताना मला, या व्यासपीठावर उभा असल्यामुळे, थोडे अवघडल्यासारखे होते. पुढे उलगडते ते याहून बोचरे आहे. मिसाकीने त्याला निवडला तो दयेपोटी नव्हे; आपल्याहूनही निकामी असा कोणीतरी तिला हवा होता, म्हणजे त्याला तरी आपली गरज भासेल.

मग सातो बाहेर पडतो कसा? घरून येणारे पैसे बंद होतात. पोट रिकामे राहते, आणि हा माणूस मुकाट्याने रस्त्यावर वाहनांना वाट दाखविण्याच्या कामाला लागतो. फसवी साखळी-विक्री करणारी त्याची एक जुनी वर्गभगिनी आहे; तिचाही भाऊ असाच कोंडून बसलेला, आणि त्यालाही भूकच बाहेर काढते.

येथे आपल्यातले काही वडीलधारे माना डोलवीत आहेत. “आम्ही हेच सांगत होतो!” थोडे थांबा. मला हे उत्तर पुरते पटलेले नाही. जपानात आता ‘८०५०’ हा शब्द रूढ झाला आहे : ऐंशीचे आईबाप आणि त्यांच्या पेन्शनीवर जगणारे पन्नाशीचे मूल. साप्पोरो शहरात २०१८ च्या जानेवारीत ८२ वर्षांची आई आणि ५२ वर्षांची मुलगी आपल्या घरातच मृत आढळल्या. तेथेही भूक होतीच. तिने कोणाला उंबरठ्याबाहेर काढले नाही. सातो बावीस वर्षांचा होता, आणि भिंतीपलीकडे यामाझाकी नावाचा एक शेजारी होता. त्याच्या खोलीतून अहोरात्र एकच गाणे कर्कश वाजत असे. भांडायला म्हणून सातो गेला, तो शाळेतला जुना सोबती निघाला! भुकेला उठवता आले, कारण ओळखीची दारे अजून उघडी होती, असे मी म्हणेन. हा यामाझाकी पुढे होक्काइदोला वडिलांच्या गोठ्यावर परत जातो, तेव्हा ती रिकामी भिंत आपल्यालाही खायला उठते.

शेवटी मिसाकीच जीव द्यायला आपल्या गावच्या कड्यावर जाते. तिला वाचविण्याच्या नादात सातो स्वतःच उडी घेतो, आणि खाली लावलेल्या जाळीत अडकतो. या प्रसंगी मी हसलो, आणि हसल्याची लाज वाटली. त्यानंतर मिसाकी नवा करार आणते. मंडळाची अक्षरे तीच, अर्थ मात्र बदललेला : ओलिसांची अदलाबदल करणारे मंडळ. एकाने जीव दिला तर दुसराही देईल, असे कलम त्यात आहे. सभासद दोनच. सातो सही करतो.